यूट्यूबवरची अमेरिकन बंदूक चॅनेल बघून नेमबाजी शिकता येते का? एच-वन बीवर डॅलसला गेल्यावर पिस्तूल घेता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते, कारण त्यात वादाला जागा नाही. एच-वन बी असो की विद्यार्थी व्हिसा, अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने तुम्हाला बंदूक बाळगता येत नाही, काडतूसही नाही. ग्रीन कार्ड झालं की येतं. टेक्सासात सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल कमरेला लावून फिरता येतं, हे तुम्ही व्हिडिओत ऐकलं असणार. पण ज्याला मुळात बाळगायलाच बंदी आहे त्याला त्याचा काही उपयोग नाही. एक पळवाट आहे, शिकारीचा परवाना. ती मला कशी कळली ते सांगायचंय म्हणून तर हे लिहायला बसलेय.

माझे चुलत दीर डॅलसजवळ राहतात. लॉकडाऊनमध्ये त्यांना ही चॅनेल बघायचा नाद लागला. सुरुवात झाली हिकॉक फॉर्टीफाइव्हपासून. टेनेसीतले निवृत्त शिक्षक, आजोबांसारखा माणूस, लांबच्या लोखंडी तबकडीवर गोळ्या मारतो, ठण्ण वाजलं की खूश. बघायला छान वाटतं, मलाही वाटलं. मग डिमॉलिशन रँच, टेक्सासातला एक जनावरांचा डॉक्टर दिसेल त्यावर गोळी झाडून बघायचा. आणि मग कोलियन नॉयर, पेशाने वकील, एनआरए या बंदूकवाल्यांच्या संघटनेच्या कार्यक्रमांतून पुढे आलेला. इथून भाऊजींची भाषा बदलली. जेवणाच्या ताटावर 'आपली सेकंड अमेंडमेंट' (बंदूक बाळगण्याच्या हक्काची घटनादुरुस्ती), 'आपले हक्क'. मी एकदा म्हटलं, भाऊजी, तुम्ही एच-वनवर आहात, तो म्हणतो त्या 'आपल्या'त तुम्ही येत नाही. आठवड्याभरात शिकारीचा परवाना काढून माझ्यापुढे नाचवला. आयुष्यात कोंबडी कापली नाही, आता हरणाच्या शिकारीला पात्र! कायद्याने ते बरोबर होतं, नाही म्हणत नाही.

आता माझं. मी कोल्हापूरची. एनसीसीत .२२ रायफल हातात धरली, पुढे राज्य पातळीपर्यंत खेळले. आमच्या गावाकडे ही काही नवलाची गोष्ट नाही. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आमच्याच कोल्हापूरच्या, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य घेणारा स्वप्नील कुसाळे राधानगरीकडचा. आमच्या उस्तादांनी पहिले कित्येक दिवस गोळीच दिली नाही. रिकामी रायफल, नळीवर रुपयाचं नाणं, आणि चाप असा ओढायचा की नाणं पडता कामा नये. पडलं की खणखणीत शिवी. 'खाली कर' म्हटल्यावर रायफल रिकामी केली नाही तर मैदानाला फेऱ्या. कंटाळवाणं होतं. याचा व्हिडिओ काढला तर कुत्रंही बघणार नाही.

तर थँक्सगिव्हिंगला सगळे मिळून नेमबाजीच्या इनडोअर रेंजवर गेलो. भाड्याचं नऊ एमएमचं पिस्तूल. गाडीत मी म्हटलं, गळाबंद टी-शर्ट घाला. भाऊजींनी वरची दोन बटणं उघडी टाकलेला शर्ट घातलेला, रील काढायची होती ना. जाऊबाई मागे फोन धरून उभ्या. पहिल्या चार गोळ्या झकास, उभं राहणं अगदी व्हिडिओतल्यासारखं. पाचव्या गोळीची बाहेर उडालेली रिकामी पुंगळी बाजूच्या पार्टिशनवर आपटली आणि सरळ कॉलरमधून आत. तापलेलं पितळ ते. भाऊजी जे उडाले ते पिस्तुलासकट वळले, बोट चापावर, नळीचं तोंड थेट जाऊबाईंकडे, मॅगझिनमध्ये गोळ्या शिल्लक. रेंज ऑफिसरने झडप घालून मनगट पकडलं, हात पुढे लक्ष्याकडे वळवला आणि असा ओरडला की मला आमचे उस्ताद आठवले. आम्हाला बाहेर काढलं.

संध्याकाळी रील पडली. चार गोळ्या, संगीत, खाली अमेरिकेचा झेंडा. पाचवी कापलेली.

मी बोलले तर म्हणाले, "वहिनी, तुमचं स्पर्धेचं असतं, हे सेल्फ-डिफेन्सचं आहे, यातलं तुम्हाला नाही कळायचं." मानेवर करंगळीएवढा फोड होता तेव्हा.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. बंदूक उघडून साफ कशी करायची, कुठली कशी चालते, हे शिकता येईल. दचकल्यावर बोट चापावरून आपोआप बाहेर येणं शिकता येत नाही. त्याला शेजारी उभं राहून ओरडणारा माणूस लागतो.

आणि ही चॅनेल जगतात कशावर तेही बघा. २०१८ मध्ये यूट्यूबने बंदुकांच्या विक्रीला लावणारे व्हिडिओ बंद केले. जाहिरातींचे पैसे त्याआधीच आटायला लागले होते. मग उरले प्रायोजक, कूपन कोड आणि टी-शर्ट. त्यामुळे एकाच व्हिडिओत हक्कावर भाषण आणि दुर्बिणीवर सवलत. जुलै २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या बटलरला ट्रम्पवर गोळी झाडणाऱ्याच्या अंगात डिमॉलिशन रँचचाच टी-शर्ट होता. यात त्या डॉक्टरचा दोष नाही, पण आपला शर्ट कोण घालतंय हे विकणाऱ्याच्या हातात नसतं.

बघायचंच असेल तर फरगॉटन वेपन्स बघा. इयन मॅकॉलम जुनी हत्यारं उघडून त्यांचा इतिहास सांगतो, बडबड कमी. आणि केंटकी बॅलिस्टिक्स या चॅनेलच्या स्कॉटचा एप्रिल २०२१ च्या अपघाताचा व्हिडिओ. पन्नास कॅलिबरची रायफल तोंडासमोर फुटली, मानेतली शीर कापली गेली, त्याने अंगठा खुपसून रक्त थांबवलं. वाचला, आणि नंतर सगळं न लपवता सांगितलं. भाऊजींच्या यादीत तो व्हिडिओ नव्हता.

रेंजवर भाड्याने घेतली तर चालतं, असं तुम्हाला तिकडचे मित्र सांगतील. शिकारीच्या परवान्याशिवाय चालत नाही, ते बाळगणंच धरलं जातं. फ्लोरिडात यूएईचा एक विद्यार्थी, कॉलेजातून काढल्यामुळे व्हिसाचा दर्जा गेलेला असताना, रेंजवर गोळ्या झाडून आला आणि त्याला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल त्याच्या बाजूने दिला, पण तो मुद्दा त्याला स्वतःची स्थिती ठाऊक होती का, एवढाच होता. तुम्हाला तर आता ठाऊक झालीय. परवान्याचं वगैरे इमिग्रेशन वकिलाला विचारा, मी वकील नाही. खाज असेल तर जायच्या आधी पुण्यात बालेवाडीला दहा मीटर एअर रायफलचे चार महिने काढा.

तिकडचे सगळेच असे असतात असं नाही हं. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याकडे सात बंदुका आहेत आणि त्याच्या तोंडून मी 'हक्क' हा शब्द ऐकलेला नाही.

भाऊजींचं ग्रीन कार्ड आता आलंय, पिस्तूल घेणार आहेत. घेऊ देत. घरात दोन लहान मुलं आहेत म्हणून मी म्हटलं, आधी तिजोरी घ्या. तर सध्या तिजोऱ्यांचे व्हिडिओ बघताहेत.