कोळशाची वीज बंद झाली तर कोकणातल्या कामगारांचं काय? 'न्याय्य संक्रमण' म्हणतात ते हेच का?

हो, हेच. प्रदूषण कमी करताना कामगारांना वाऱ्यावर सोडायचं नाही, हा मुद्दा २०१५ च्या पॅरिस हवामान कराराच्या प्रस्तावनेतच आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या जयगडचा १२०० मेगावॅटचा कोळशावरचा प्रकल्प घ्या. असा प्रकल्प उद्या बंद झाला तर कायम नोकरीतला इंजिनिअर दुसरीकडे बदली घेईल. पण राखेच्या डंपरवरचा ड्रायव्हर, ठेकेदाराकडचा सफाईवाला, खानावळ चालवणारी बाई, खोल्या भाड्याने देणारे? यातल्या बहुतेकांची नावं कंपनीच्या हजेरीपटावर नसतातच, मग भरपाई मागणार कुणाकडे? म्हणून त्यांची यादी आधीच, ग्रामसभेसमोर व्हायला हवी.

'सड्यावर (कातळाच्या पठारावर) सोलर लावा, नोकऱ्या मिळतील' हे ऐकायला बरं. पॅनेल बसवताना माणसं लागतात, नंतर पुसायला आणि राखणीला मोजकीच. त्यात आपला सामायिक सातबारा! ढीगभर नावं, निम्मी मुंबईत, मोबदला अडकलाच म्हणून समजा. सड्यावर गुरं चारणाऱ्याचं तर बऱ्याचदा नावच नसतं. माझ्या मते जमीन विकू नये, भाडेपट्ट्याने द्यावी आणि देखभालीचं काम गावच्या आयटीआय झालेल्या मुलामुलींना मिळेल हे करारातच लिहून घ्यावं.