कपाटातली चारशे पुस्तके आणि नऊ वर्षांची नात

प्रश्न : माझे वय ७१ असून आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. सासऱ्यांच्या काळापासून जमत आलेली सुमारे चारशे मराठी पुस्तके माझ्याकडे आहेत. मुलगा लहानपणी ‘किशोर’चा अंक आला की जेवतानाही तो हातातून सोडत नसे, आता नोकरीच्या व्यापात त्याचे वाचन पार सुटले आहे. नऊ वर्षांची नात इंग्रजी माध्यमात शिकते. इंग्रजी गोष्टी ती भराभर वाचते, मराठी मात्र अक्षर अक्षर लावत वाचते आणि मी चूक दुरुस्त केली की पुस्तक मिटून निघून जाते. मलाही आता बारीक अक्षर फार वेळ वाचवत नाही. ही पुस्तके तिच्यापर्यंत पोहोचवावीत कशी, की ती आताच एखाद्या ग्रंथालयाला देऊन टाकावीत?

उत्तर : तुमची नात वाचणारी मुलगी आहे, ही गोष्ट तुमच्याच पत्रात आहे आणि ती फार मोलाची आहे. वाचनाची गोडी तिला लागलेली आहे. अडचण आहे ती लिपीच्या सरावाची. घरात रोज मराठी बोलणाऱ्या मुलाचा कान डोळ्यांच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. जी गोष्ट ऐकताना तिला सहज कळेल, तीच वाचताना रफार आणि जोडाक्षरे वाट अडवतात. शिवाय ‘चाक’ आणि ‘चार’ यांतला ‘च’ एकसारखा लिहिला जातो, पण उच्चारला जातो वेगळा, हे छापील पान तिला सांगत नाही. वाक्याच्या शेवटाला पोहोचेपर्यंत त्याची सुरुवात विसरली जात असेल, तर गोष्टीत रमणार कसे?

म्हणून तूर्त तिच्या हाती पुस्तक देण्याऐवजी तिच्या कानावर गोष्ट पडू द्या. आपल्याकडे चातुर्मासात पोथी लावली जात असे, तेव्हा एक जण वाची आणि बाकीचे ऐकत. अक्षरओळख नसलेल्या कितीतरी बायकांना त्या ऐकण्यातूनच सगळी कथानके तोंडपाठ असत. रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटे, ओळीखाली बोट फिरवत, मोठ्याने वाचा आणि प्रसंग ऐन भरात आला की थांबा. आठ-दहा दिवसांनी पात्रांची संवादवाक्ये तिच्याकडे सोपवा, कारण ती छोटी असतात आणि बोलण्यातली असतात. डोळे थकले की पुढचे अर्धे पान तिला वाचायला सांगा. तुम्हाला खरोखरच ऐकायचे आहे, हे मुलांना बरोबर कळते. त्या वेळी चुका मात्र दुरुस्त करू नका. अर्थ बदलत असेल तरच तो शब्द पुढच्या वाक्यात तुम्ही सहज, बरोबर उच्चारा. ‘माजघर’ किंवा ‘फडताळ’ असा शब्द आला की वाचन थांबवून तुमच्या माहेरच्या घराची हकिगत सांगायला मात्र हरकत नाही. ती हकिगत तिला पुस्तकात मिळणार नाही.

तुमच्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो तुमच्या मुलाचा उल्लेख. आजी वाचते आणि बाबा कधीच वाचत नाहीत, असे चित्र रोज पाहणाऱ्या मुलीला मराठी वाचन ही म्हाताऱ्या माणसांची गोष्ट वाटू लागली, तर दोष तिचा नाही. ‘किशोर’ हे मासिक बालभारतीने १९७१मध्ये सुरू केले आणि त्याचे जुने अंक आता संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. तुमच्या मुलाला त्याच्या बालपणीचे अंक शोधायला सांगा. एखादे मुखपृष्ठ ओळखीचे निघाले की त्याला आग्रह करावा लागणार नाही, आणि बाबा आपल्या वयाचे असताना काय वाचून हसत होते, हे पाहण्याची उत्सुकता नातीला नक्कीच वाटेल. रविवारचे वाचन त्याच्याकडे द्या.

हा व्यवहार एकतर्फीही नसावा. ती जे इंग्रजी पुस्तक वाचते आहे, त्याची गोष्ट तिला तुम्हाला मराठीत सांगू द्या आणि मन लावून ऐका. शाळेच्या पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौकात जाल, तेव्हा एक मराठी पुस्तक तिचे तिलाच निवडू द्या, ते तुम्हाला उथळ वाटले तरीही. पुण्यात १८४८ साली स्थापन झालेले पुणे नगर वाचन मंदिर आहे, १९११पासूनचे पुणे मराठी ग्रंथालय आहे. एखाद्या सकाळी तिला कपाटांमधून नुसते हिंडवून आणा.

चारशे पुस्तके देऊन टाकण्याचा निर्णय आज घेऊ नका. आधी यादी करा, कारण कोणतेही ग्रंथालय सरसकट सगळी पुस्तके घेईलच असे नाही. तिला झेपतील अशी आठ-दहा, मोठ्या टाइपाची पुस्तके खालच्या फळीवर, तिचा हात पोहोचेल अशी ठेवा. आणि प्रत्येकाच्या पहिल्या पानावर ते कोणी, कुठून आणले आणि घरात कोणी कोणी वाचले, हे पेन्सिलीने लिहा. सासऱ्यांच्या, तुमच्या आणि मुलाच्या नावाखाली एक ओळ कोरी ठेवा, ती नात स्वतःच्या अक्षरात भरेल.