तीनदा दुरुस्ती होऊनही बिघडलेला फ्रिज

प्रश्न : सात महिन्यांपूर्वी पुण्यातील एका दुकानातून आम्ही ३८,००० रुपयांचा फ्रिज घेतला. कॉम्प्रेसरची तीनदा दुरुस्ती झाली, तरी तो गार होत नाही. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो आणि कंपनी सेवा केंद्राकडे. आम्ही राहतो सातारा जिल्ह्यात. दाद कुठे मागावी?

उत्तर : या टोलवाटोलवीत आणखी दिवस घालवू नयेत. वस्तू दुकानदाराने विकली आणि हमी कंपनीने दिली, त्यामुळे दोघांनाही एकाच तक्रारीत सामनेवाले करता येते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार आपण जिथे राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पुण्याला खेपा घालण्याची गरज नाही. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही आणि तक्रार ऑनलाइन दाखल करण्याची सोय आहे.

मात्र आपल्या प्रकरणाचा खरा आधार कागदपत्रांचा आहे. तीनदा दुरुस्ती झाली, एवढ्यावरून उत्पादनातील दोष आपोआप सिद्ध होत नाही. म्हणून बिल, हमीपत्र आणि प्रत्येक भेटीनंतर तंत्रज्ञाने दिलेला कागद, ज्यावर तारीख व बिघाडाची नोंद असते, हे सारे जपून ठेवावे. तो कागद मिळाला नसेल, तर सेवा केंद्राकडे लेखी मागावा. शक्य असल्यास स्वतंत्र जाणकाराचा लेखी अभिप्राय घ्यावा. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोगही वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो.

आयोगाकडे तक्रार करण्याआधी दुकानदार आणि कंपनी या दोघांना पंधरा दिवसांची मुदत देणारी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवावी, तसेच १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. पुष्कळदा प्रकरण तिथेच मिटते. न मिटल्यास कलम ३९ खाली दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे किंवा व्याजासह पैसे परत करणे असे आदेश आयोग देऊ शकतो. आपल्या बाबतीत मी पैसे परत मागण्याचाच सल्ला देईन, आणि पर्यायी मागणी म्हणून नवा फ्रिज लिहावा. नासलेले अन्न आणि मनस्ताप यांची भरपाई वेगळी मागावी.

तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. चौथ्या दुरुस्तीचे आश्वासन मिळाले, तरी नोटीस थांबवू नये.