बंधाऱ्यावर उतार, गोठ्यात चढ

प्रश्न : आमचं घर शिरोळ तालुक्यात, पंचगंगेपासून दोन शेतं सोडून. जुलै लागला की मोबाईलवर ‘राजाराम बंधारा ३८ फूट’, ‘राधानगरीचे तीन दरवाजे उघडले’, ‘इतके क्युसेक’ असे आकडे येत राहतात. एकदा बंधाऱ्यावर पाणी उतरत होतं आणि आमच्या गोठ्यात मात्र चढतच होतं. मग या आकड्यांवर भरवसा कसा ठेवायचा?

उत्तर : ताई, कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावरचा उतारही खरा होता आणि गोठ्यातला चढही. मी नोकरीभर नदीची पट्टी वाचली. पहाटे बॅटरी घेऊन घाटावर उतरायचं, लाटेचा वरचा आणि खालचा काठ बघून मधला आकडा वहीत लिहायचा. पुरात तर दर तासाला. त्यामुळे तुमची घालमेल मला कळते.

फूट म्हणजे पातळी. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट पाणी पुढे गेलं ते. एक क्युसेक सुमारे २८ लिटर. पातळी पट्टीवर दिसते, प्रवाह मोजावा लागतो. आम्ही पात्राचे भाग पाडून प्रत्येक भागाची खोली घ्यायचो आणि पृष्ठभागापासून सहा दशांश खोलीवर करंट मीटर सोडून वेग काढायचो. खोल पाण्यात दोन दशांश आणि आठ दशांश अशा दोन ठिकाणी. अशा बऱ्याच मोजण्यांवरून ‘इतके फूट म्हणजे इतके क्युसेक’ असा आलेख बनतो. पुरानंतर पात्र बदललं की तो पुन्हा तपासावा लागतो.

तुमच्याकडे हा आलेख फसतो, कारण नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा भरून वाहत असेल तर पंचगंगेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही, ते मागे तुंबतं. आपल्याकडे त्याला फूग म्हणतात. अशा वेळी प्रवाह कमी झाला तरी पातळी हटत नाही, उलट चढते. तुमच्या गोठ्यात बहुधा हेच झालं.

म्हणून तुम्ही एका आकड्यावर थांबू नका. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर त्याच ४० आणि ४५. हे आकडे ज्या त्या ठिकाणच्या पट्टीचे असतात, त्यांची आपसात तुलना करू नका. राधानगरीचा प्रत्येक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत येतं, ते आधी कोल्हापूरला आणि मग तुमच्याकडे. तुमच्यासाठी मात्र आयर्विनचा आकडा आणि कोयना धरणातून कृष्णेत येणारा विसर्ग तितकाच महत्त्वाचा, कारण फूग त्यावर ठरते. २०१९ मध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं.

आणि आकडा एकदाच बघू नका. तीन-चार तासांत किती इंच चढलं, हे त्या आकड्याहून जास्त सांगतं.

यंदा एक करा. गोठ्याच्या भिंतीवर रंगाने फूट-इंच मारा. पाणी आलं की वेळ लिहा, शेजारी त्या वेळचे राजाराम आणि आयर्विनचे आकडे. दोन पावसाळ्यांत तुमच्या घराचा अंदाज तुमच्याच वहीत तयार होईल. तोवर दोन्हीकडे चढ असेल तर धोका पातळीची वाट बघू नका. जनावरं उजेड असतानाच हलवा, आणि रस्ता बंद झाला असेल तर १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाला फोन करा.