गिरगाव-काळबादेवीच्या दाटीत भुयारी मेट्रो स्थानक बांधलं कसं?

रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना जुन्या चाळी. मग वरून मोठा खड्डा खणणार कुठे? म्हणून इथे ऑस्ट्रियन पद्धत वापरली. उभ्या विहिरीतून खाली उतरायचं, कातळ थोडा-थोडा फोडायचा, उघड्या पडलेल्या भागावर लगेच काँक्रीट फवारायचं, सळया ठोकायच्या, मगच पुढे सरकायचं. काही इमारती मात्र पाडाव्याच लागल्या; तिथल्या कुटुंबांनी घर सोडलं, हे विसरू नये.

ऑक्टोबर 2025 मध्ये 33.5 किलोमीटरची ही आरे-कफ परेड मार्गिका पूर्ण सुरू झाली. गिरगाव स्थानक जगन्नाथ शंकरशेठ मार्गावर आहे. 1853 साली बोरीबंदर-ठाणे गाडी धावली, त्या रेल्वेच्या उभारणीत याच जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेठांचा मोठा वाटा होता. गिरगावकर म्हणून मला याचा फार अभिमान वाटतो.