डेट्रॉइट लायन्स २०२५ मध्ये कुठवर जातील?

प्रश्न : २०२४ च्या मोसमात अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या लायन्सनी १७ पैकी १५ सामने जिंकले. २०२५ मध्येही तसंच जमेल?

उत्तर : प्लेऑफ, म्हणजे मोसमानंतरची बाद फेरी, गाठतील असं वाटतं; पुन्हा १५ विजय मात्र अवघड. लायन्सच्या आक्रमणाचे समन्वयक बेन जॉन्सन शिकागो बेअर्सचे, तर बचावाचे एरन ग्लेन न्यूयॉर्क जेट्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्याहून मोठी चिंता सेंटरची, म्हणजे अडवणाऱ्या फळीच्या मधल्या खेळाडूची आहे. त्या जागी खेळणारा फ्रँक रॅग्नाउ जून २०२५ मध्ये निवृत्त झाला. सेंटर नुसता चेंडू मागे क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, देत नाही. समोरची मांडणी वाचून कोणी कोणाला अडवायचं हे तोच शेजारच्यांना ओरडून सांगतो. ती हाक चुकली की मधूनच वाट मोकळी होते. क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ पळून सुटणाऱ्यांतला नाही. कडेने आलेला दबाव तो एक पाऊल पुढे सरकून टाळतो, पण मधून आला तर पाऊल टाकायला जागाच उरत नाही.

जमेची बाजू बचावपटू एडन हचिन्सन. २०२४ मध्ये पाय मोडण्याआधी ५ सामन्यांत त्याचे साडेसात सॅक (चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) होते! तो परतल्यावर बचावाला धार येईल.

७ सप्टेंबरला ग्रीन बेमधल्या पहिल्या सामन्यात गुणफलकाआधी सेंटरच्या दोन्ही बाजूंचे गार्ड, म्हणजे त्याची हाक ऐकून अडवणारे खेळाडू, बघा.