जुनी गाडी, वाचकांचे प्रश्न: कार्बोरेटर उघडण्याआधी

हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा कार्बोरेटर बॉनेट उघडताच दिसतो, हाताला लागतो, त्यावर फिरवायला दोन स्क्रूही असतात. त्यामुळे इंजिनचं कुठलंही दुखणं आधी त्याच्याच माथी मारलं जातं. या वेळच्या प्रश्नांतही तेच दिसलं. उत्तरं वाचताना एक क्रम लक्षात ठेवा: टॅपेट (व्हॉल्व्हची फट), पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले, ठिणगीसाठी वीज तोडणारे संपर्क), टायमिंग (ठिणगीची वेळ), हवेची गळती, पेट्रोलची पातळी, आणि सगळ्यात शेवटी मिश्रणाचा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा, स्क्रू. क्रम उलटा केला की एक बिघाड दुसऱ्या चुकीच्या सेटिंगखाली झाकला जातो आणि मग खरं कारण सापडायला दुप्पट वेळ लागतो. पेट्रोलचं काम मोकळ्या हवेत आणि अग्निशामक हाताशी ठेवूनच करा. पाइप किंवा फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी) उघडायचा असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा.

प्रश्न: गाडी थंड असताना लगेच सुरू होते. पाऊण तास चालवून दहा-पंधरा मिनिटं थांबलो की मात्र सेल्फ नुसता फिरत राहतो, इंजिन पकडत नाही. तासाभराने काही झालंच नाही अशी सुरू होते. कार्बोरेटर दोनदा साफ झाला, आता नवाच बसवा असा सल्ला मिळतो आहे. बसवावा का?

उत्तर: अजून नको. तुम्ही लिहिलेल्या दहा-पंधरा मिनिटांतच उत्तर दडलेलं आहे.

इंजिन बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं, पंख्याची हवा थांबते, पण ब्लॉक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये साठलेली उष्णता वर चढतच राहते. कार्बोरेटर गाडी चालताना जेवढा तापत नाही तेवढा बंद केल्यावर तापतो. फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळू लागतं आणि मेन जेटच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या मुख्य छिद्राच्या) वाटेने वर येऊन इनटेक मॅनिफोल्डमध्ये (मिश्रण सिलिंडरकडे नेणाऱ्या नळांत) टपकतं. मग सुरू करताना आत इतकं रिच (पेट्रोल जास्त असलेलं) मिश्रण असतं की ते पेटत नाही. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल लवकर बाष्प होतं, म्हणून पूर्वी हा त्रास नसलेल्या गाड्यांनाही तो आता होतो.

पण ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी इग्निशन कॉइल तापली किंवा पॉइंटला जोडलेला कंडेन्सर खराब झाला तर तेही अगदी हेच लक्षण दाखवतात. पेट्रोल उकळणं आणि ठिणगीचा दोष यांत फरक करायचा तर गाडी अडलेली असतानाच तपासायला हवं. थंड झाल्यावर काहीच सापडणार नाही. एअर क्लीनर काढा आणि टॉर्चने कार्बोरेटरच्या गळ्यात बघा. व्हेंचुरीच्या (गळ्यातल्या अरुंद भागाच्या) मधल्या नळीतून थेंब पडताना दिसले, खाली बटरफ्लायवर (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेवर) ओल चमकत असली आणि पेट्रोलचा उग्र वास आला, तर दोष उष्णतेचा. मग एक प्लग काढा. ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय. कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाही, म्हणजे पंपाच्या आधीच्या पाइपात वाफ अडकली आहे. प्लग ठीक वाटला तर ठिणगी बघा, पण कार्बोरेटरपासून लांब, स्पार्क टेस्टर लावून. निळी, कडकडीत ठिणगी हवी. बारीक, नारिंगी, मध्येच हुकणारी ठिणगी दिसली तर कार्बोरेटरचा विषय तिथेच संपला.

कॉइलचा प्राथमिक रोध बॅलास्ट (कॉइलकडे जाणारं व्होल्टेज कमी करणारा रोध) नसलेल्या १२ व्होल्टच्या गाडीत साधारण ३ ओहम, बॅलास्ट असलेल्या गाडीत साधारण १.५ ओहम येतो. मीटरवर आकडा बरोबर आला म्हणून कॉइल निर्दोष ठरत नाही, कारण आतलं इन्सुलेशन तापल्यावर आणि जास्त व्होल्टेजखालीच फुटतं. खात्रीची दुसरी कॉइल तिथल्या तिथे जोडून बघणं हाच सरळ मार्ग. बॅलास्टवाली कॉइल चुकून थेट १२ व्होल्टवर जोडलेली असेल तर ती तापणारच, तेही तपासा.

दोष उष्णतेचा निघाला तर आधी फ्लोटची पातळी बघा. पातळी दोन-तीन मिलिमीटर जास्त असली तरी उकळून बाहेर येणारं पेट्रोल बरंच वाढतं. त्यानंतर पंपाचा दाब. एस.यू. बनावटीच्या कार्बोरेटरला अडीच-तीन पी.एस.आय.च्या (दाबाचं एकक) वर आणि वेबर बनावटीच्या कार्बोरेटरला साडेतीनच्या वर दाब गेला की नीडल व्हॉल्व्ह (फ्लोट चेंबरमध्ये येणारं पेट्रोल थांबवणारी झडप) तग धरत नाही. नंतर कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये बेकेलाइटचा जाड ठोकळा आहे का ते पाहा. मागच्या कुठल्यातरी दुरुस्तीत तो काढून नुसतं कागदी पॅकिंग लावलेलं असतं, आणि सगळा त्रास तिथूनच सुरू झालेला असतो. पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टला चिकटून जात असेल तर बाजूला घ्या, आणि मूळ हीट शील्ड गायब असेल तर बसवा.

तोवर तापलेली गाडी सुरू करताना ॲक्सिलरेटर हळूच पूर्ण दाबा, तसाच धरून ठेवा आणि सेल्फ मारा. पाय वरखाली करू नका. प्रत्येक दाबाला ॲक्सिलरेटर पंप आणखी पेट्रोल आत टाकतो. चोक तर अजिबात ओढू नका.

प्रश्न: दोन बॅरलचा (दोन गळ्यांचा) वेबर कार्बोरेटर दुरुस्तीचं किट टाकून बांधून घेतला. आयडलिंग छान, एका वेगावर गाडीही छान पळते. पण जागेवरून निघताना ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर दम तोडते, कधी कार्बोरेटरमधून फट् आवाज येतो आणि मग एकदम उचलते.

उत्तर: कार्बोरेटरमधून फट् आवाज म्हणजे त्या क्षणी मिश्रण लीन (पेट्रोल कमी असलेलं) आहे. बटरफ्लाय एकदम उघडली की हवा ताबडतोब धावते, पेट्रोल मात्र जड असल्याने मागे राहतं. ही पोकळी भरायलाच ॲक्सिलरेटर पंप असतो, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

इंजिन बंद आणि थंड असताना गळ्यात बघत लिंकेज (ॲक्सिलरेटरची जोडणी) हाताने उघडा. बारीक पण सलग, ताठ धार दिसायला हवी, आणि ती बटरफ्लाय हलायला लागताच यायला हवी. लिंकेज निम्मं उघडल्यावर आली तर उशीर झाला. धार थेंबाथेंबाने येत असेल तर पंपाची नळी तुंबली आहे किंवा डायफ्रॅम (पंपाचा लवचिक पडदा) बसलेला नाही. पहिल्या दाबाला नुसती हवा आणि दुसऱ्याला धार, असं होत असेल तर खालचा बॉल व्हॉल्व्ह बसत नाही. कार्बोरेटर पालथा करताना तो छोटा बॉल निसटून हरवणं, ही किट टाकतानाची नेहमीची चूक.

पंप निर्दोष निघाला तर बटरफ्लायची जागा तपासा, कारण इथे बरेच जण फसतात. बंद बटरफ्लायच्या कडेलाच दोन-तीन बारीक प्रोग्रेशन छिद्रं असतात. बटरफ्लाय किंचित उघडली की तीच छिद्रं पेट्रोल देऊन मेन जेट सुरू होईपर्यंत इंजिन सांभाळतात. आयडलिंगचा स्क्रू फार आत घेतलेला असेल तर ही छिद्रं आधीच उघडी पडतात, इंजिन त्यांच्यावरच आयडल करतं, आणि निघायच्या क्षणी मदतीला काही उरत नाही. याची खूण म्हणजे मिश्रणाचा स्क्रू आत-बाहेर केला तरी इंजिनला फरक पडत नाही. अशा वेळी आयडलिंगचा स्क्रू पूर्ण सोडा, लिव्हरला नुसता टेकवा आणि तिथून अर्धा ते एक फेरा आत घ्या. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने बसवून दीड फेरा बाहेर काढा. जोर लावलात तर त्याच्या टोकाला कायमची खाच पडते. एवढ्यावर इंजिन तग धरत नसेल तर टायमिंग मागे आहे, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. स्क्रू पुन्हा आत घेऊन ते झाकू नका.

व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा (इंजिनच्या ओढीवर ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेचा) पाइप कार्बोरेटरकडून काढून तोंडाने ओढून बघा. डिस्ट्रिब्युटरमधली प्लेट सरकली पाहिजे आणि जिभेने पाइप बंद ठेवला तर सरकलेलीच राहिली पाहिजे. परत आली तर डायफ्रॅम फाटला आहे, आणि निघतानाचा तो दम तिथेच जातो.

शेवटी जेट. वेबरच्या मेन जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो: १२० म्हणजे १.२० मि.मी. छिद्र. किटमध्ये आलेले जेट मूळ आकड्याशी पडताळा. आणि जेट साफ करायला तार कधीही घालू नका. सॉल्व्हेंट आणि दाबाची हवा पुरते.

प्रश्न: आयडलिंग एकसारखं राहत नाही, वरखाली होतं. मिश्रण कितीही जुळवलं तरी दुसऱ्या दिवशी तेच.

उत्तर: दुसऱ्या दिवशी बदलतं याचा अर्थ मिश्रण बिघडलेलं नाही, कुठूनतरी बाहेरची हवा आत येते किंवा ठिणगीची वेळ हलते.

हवेसाठी साध्या पाण्याचा फवारा घ्या आणि मॅनिफोल्डचे सांधे, कार्बोरेटरचं पॅकिंग, बटरफ्लायच्या दांड्याची दोन्ही टोकं, अशी एकेक जागा भिजवा. डिस्ट्रिब्युटर आणि वायरी कोरड्या ठेवा. फवारा मारताच इंजिनचा आवाज बदलला की गळती सापडली. ज्वलनशील क्लीनर तापलेल्या एक्झॉस्टजवळ मारण्याची पद्धत दिसते, ती सोडाच. ब्रेक सर्व्होचा (ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या भागाचा) पाइप दाबून धरल्यावर आयडलिंग स्थिर झालं तर दोष सर्व्होत आहे, आणि मग तो बदलेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.

बटरफ्लायचा दांडा बोटांनी वरखाली हलवून बघा. खेळ हाताला जाणवत असेल तर तिथून हवा जाते आणि कुठलंही किट ते बरं करत नाही. बॉडीला नवे बुश (दांडा फिरतो ते आधार) बसवावे लागतात. व्हॅक्यूम गेज असेल तर चांगल्या इंजिनला आयडलिंगवर १७ ते २१ इंच (पाऱ्याचे), काटा स्थिर. काटा स्थिर पण कमी असेल तर गळती किंवा मागे गेलेलं टायमिंग. ठरावीक लयीत खाली टपकणारा काटा एखाद्या व्हॉल्व्हकडे बोट दाखवतो.

हवेची गळती नसेल तर पॉइंट. बहुतेक चार सिलिंडरच्या ल्युकस बनावटीच्या डिस्ट्रिब्युटरला ०.३५ ते ०.४० मि.मी. गॅप लागतो. गॅप बदलला की टायमिंगही बदलतं: गॅप वाढला तर पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जातं. म्हणून गॅप आधी, टायमिंग नंतर. ड्वेल मीटरचा (पॉइंट किती अंश बंद राहतात ते दाखवणाऱ्या मीटरचा) आकडा रेस वाढवताना दोन-तीन अंशांहून जास्त हलत असेल तर डिस्ट्रिब्युटरचा बुश झिजला आहे, आणि नवे पॉइंट घालून उपयोग नाही.

प्रश्न: एस.यू. कार्बोरेटरच्या डॅशपॉटमध्ये (पिस्टनवरच्या तेलाच्या घुमटात) कुठलं तेल आणि किती घालायचं? मिश्रण बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

उत्तर: साधारणपणे एस.ए.ई. २० ग्रेडचं तेल. डॅम्पर (टोपीला जोडलेली दांडी) आत सोडताना त्याची टोपी चुडीपासून सुमारे ६ मि.मी. वर असताना बोटाला विरोध जाणवला की तेल पुरेसं. कमी असेल तर रेस देताना कार्बोरेटरचा पिस्टन झपकन वर जातो आणि गाडी अडखळते.

मिश्रणासाठी इंजिन तापवून हा पिस्टन त्याच्या उचलायच्या पिनने जेमतेम ०.८ मि.मी. उचला. रेस क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाली तर मिश्रण बरोबर. वाढून वाढलेलीच राहिली तर रिच, आणि लगेच पडली तर लीन. जेटचा नट वर घेतला की लीन, खाली घेतला की रिच, आणि एका वेळी नटाचा एकच पैलू (सपाट बाजू) फिरवा. त्याआधी इंजिन बंद असताना पिस्टन पूर्ण उचलून सोडा. तो धातूचा टक् आवाज करत खाली बसला पाहिजे. अडकत असेल तर पॉलिश पेपर लावू नका, सॉल्व्हेंटने पुसा. दोन कार्बोरेटर असतील तर त्यांचे पिस्टन आणि डॅशपॉट आपापसांत बदलू देऊ नका, ती जोडी एकमेकांसाठी घासून बनवलेली असते.

प्रश्न: डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो आणि तेलाची पातळी वाढलेली दिसते. गाडी चालवू का?

उत्तर: नाही, सुरूसुद्धा करू नका. पातळ झालेलं तेल बेअरिंग खातं आणि संपमधली (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यातली) वाफ पेट घेऊ शकते. पंप इंजिनवर चालणारा असेल तर बहुतेक त्याचा डायफ्रॅम फाटलेला असतो. इलेक्ट्रिक पंप असेल तर नीडल व्हॉल्व्ह गळतो आणि पेट्रोल सिलिंडरमधून खाली उतरतं. फ्लोट हलवून कानाशी धरा, आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटका आहे आणि बुडतो.

दोष दूर करा, तेल आणि फिल्टर दोन्ही बदला. इथेनॉल चालणारा डायफ्रॅमच घ्या, आणि पेट्रोलचे जुने रबरी पाइप बोटांत दाबून भेगा पडतात का ते बघा. पडत असतील तर तेही आताच काढा. त्यानंतर पंधरा मिनिटं इंजिन चालवून डिपस्टिक पुन्हा नाकाशी धरा. वास आला तर दोष अजून आत आहे.